सायनॅप्सचं मॉडेल : वाढ सोपी, घट बसवा

बुटीबोरीच्या एमआयडीसीत कुठल्याही कंपनीत डोकवा. क्वालिटी असो, स्टोअर असो की डिस्पॅच, कुणाच्या तरी टेबलावर एक्सेलची शीट उघडी असतेच. तिथून जवळच वारंग्याला, सूतगिरणीच्या मागे, २०१६ साली सुरू झालेली ट्रिपल आयटी आहे आणि तिथल्या मुलांना पायथन हाताचा मळ. खालची कृती या दोघांनाही चालेल. पहिला मोठा भाग निव्वळ एक्सेलवर होतो, प्रोग्रामिंगची गरज नाही. दुसऱ्या भागाला पायथन लागेल. पायथन येत असलं तरी पहिला भाग गाळू नका, कारण दुसऱ्या भागात चूक झाली तर ती पकडायचं साधन तुमच्याकडे फक्त पहिल्या भागातले आकडे असतील.

काय बनवायचं ते आधी. एक चेतापेशी दुसरीला निरोप देते ती जागा म्हणजे सायनॅप्स. निरोप म्हणजे एक-दोन मिलिसेकंदांचा विजेचा झटका, स्पाईक. सायनॅप्सची ताकद कायम एकसारखी राहत नाही, वापरानुसार ती वाढते किंवा घटते. डोनाल्ड हेब यांनी १९४९च्या पुस्तकात कल्पना मांडली की एक पेशी दुसरीला वारंवार पेटवायला हातभार लावत असेल, तर त्यांच्यातला दुवा पक्का होत जातो. १९७३ साली ब्लिस आणि लोमो यांनी सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये तसं होताना दाखवलं. जोरदार उत्तेजनानंतर वाढलेली ताकद तासन् तास टिकली. हेबच्या त्या नियमात वाढीची सोय आहे, पण घट कशी व्हायची याबद्दल अवाक्षर नाही. तो नियम जसाच्या तसा कॉम्प्युटरला दिला तर दुवा पक्का होतो, म्हणून पेशी जास्त पेटते, म्हणून दुवा आणखी पक्का होतो, आणि थोड्याच वेळात सगळे सायनॅप्स कमाल मर्यादेला जाऊन चिकटतात. तेव्हा या कृतीत वाढीवर फार वेळ जाणार नाही. घट नीट बसली की मॉडेल बसलं.

साहित्य

एक लॅपटॉप, साधासुधा चालेल. एक्सेल किंवा फुकटात मिळणारं लिब्रेऑफिस कॅल्क. वही आणि पेन, आणि ही लागतातच. दुसऱ्या भागासाठी पायथन आणि त्यावर चालणारं ‘ब्रायन २’ हे पॅकेज. चेतापेशींची समीकरणं पुस्तकात छापतात तशीच त्यात लिहिता येतात. उन्हाळ्यात दुपारी मोठी रन लावणार असाल तर लॅपटॉप गादीवर ठेवू नका, आणि लाइट जायच्या आधी फाइल सेव्ह करा. हे वेगळं सांगायला नको, तरी सांगितलं.

नियम वहीत मांडा

आपण वापरणार आहोत तो नियम वेळेवर चालतो. सायनॅप्सच्या अलीकडची पेशी आधी पेटली आणि पलीकडची नंतर, तर ताकद वाढवायची. उलट झालं तर कमी करायची. बंद पडलेली जीप धक्का मारून चालू झाली, तर श्रेय ती चालू होण्याआधी हात लावलेल्यांना मिळतं. इंजिन लागल्यावर धावत येणाऱ्याला कोणी विचारत नाही. इथे तर त्याचे मार्क कापले जातात. १९९७मध्ये मार्कराम, साकमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि १९९८मध्ये बी आणि पू यांनी जिवंत पेशींवर हेच मोजून दाखवलं.

वहीत चार आकडे लिहा. वाढीचा आकडा ०.०१. घटीचा आकडा ०.०१०५, म्हणजे वाढीपेक्षा ५ टक्के जास्त. वेळेची खिडकी दोन्हीकडे २० मिलिसेकंद. सायनॅप्सचं वजन ० ते १ यामध्ये, सुरुवात ०.५पासून. दोन स्पाईकमधलं अंतर जितकं जास्त, तितका बदल कमी, आणि तो घातांकी पद्धतीने कमी होतो. कॅल्क्युलेटर घेऊन पडताळा : अंतर ५ मिलिसेकंद असेल तर वाढ ०.००७८, १० असेल तर ०.००६१, २०ला ०.००३७, ४०ला ०.००१४. साठाच्या पुढे उरतं ते न उरल्यासारखंच. या ओळी वहीतच राहू द्या, पुढे लागतील.

शीट भरा

प्रत्येक रो म्हणजे एक मिलिसेकंद. पहिल्या रोमध्ये मथळे. कॉलम ए : वेळ, ०पासून पुढे. बी : अलीकडच्या पेशीचा स्पाईक, आला तर १ नाहीतर ०. सी : पलीकडच्या पेशीचा स्पाईक, तसाच. डी : अलीकडच्या स्पाईकचा ठसा. ई : पलीकडच्या स्पाईकचा ठसा. एफ : वजन. कॉलम एचमध्ये आपले आकडे ठेवा : एच१मध्ये ०.०१, एच२मध्ये ०.०१०५, एच३मध्ये २०. एच४मध्ये ईएक्सपी फंक्शनने उणे एक भागिले एच३ काढा, ०.९५१२ येईल. एचमधल्या सेलना फॉर्म्युल्यात डॉलरचं चिन्ह लावून बांधून टाका, नाहीतर खाली ओढताना सगळं सरकेल.

ठसा का लागतो? प्रत्येक स्पाईक मागच्या प्रत्येक स्पाईकशी जोडून बघायचा म्हटलं तर शीट गुदमरेल. त्याऐवजी स्पाईक आला की ठशात १ मिळवायचा आणि दर मिलिसेकंदाला ठसा थोडा विरू द्यायचा. मागच्या सगळ्या स्पाईकची बेरीज त्या एका आकड्यात आपोआप राहते. दुसऱ्या रोमध्ये डी आणि ई दोन्ही ०, एफमध्ये ०.५. तिसऱ्या रोपासून फॉर्म्युले असे :

डी३ = (डी२ + बी२) × एच४
ई३ = (ई२ + सी२) × एच४
एफ३ = एफ२ + एच१ × डी३ × सी३ − एच२ × ई३ × बी३

एफचा फॉर्म्युला मिन आणि मॅक्समध्ये गुंडाळा, म्हणजे वजन शून्याखाली किंवा एकावर जाणार नाही. आता शंभर रो खाली ओढा. वेळ १०ला बीमध्ये १, वेळ २०ला सीमध्ये १, बाकी सगळीकडे ०.

शेवटचं वजन ०.५०६१ यायला हवं. इथे घाई करू नका. ०.५०६४ आलं असेल तर ठसा एक मिलिसेकंद कमी विरलाय. बहुतेक मागच्या रोमधला स्पाईक न विरवता ठशात मिळवला गेला. ०.५०५८ आलं तर एक मिलिसेकंद जास्त विरलाय. तिसऱ्या-चौथ्या दशांशातली ही चूक एका स्पाईकला किरकोळ वाटते, पण लाखभर स्पाईकनंतर वाढ-घटीतला तो ५ टक्क्यांचा फरक हीच चूक खाऊन टाकते. आता बी आणि सीची अदलाबदल करा, वजन ०.४९३६ यायला हवं. दोन्ही एकाच रोमध्ये टाकले तर वजन हलायला नको. ही तिन्ही उत्तरं जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जोड्यांचा मारा

बी आणि पू यांनी आपल्या प्रयोगात सेकंदाला एक, अशा साठ जोड्या दिल्या होत्या. तेवढ्याच आपणही देऊ. एच५मध्ये १००० लिहा. बीमध्ये फॉर्म्युला : वेळेला एच५ने भागून बाकी ५ उरली तर १, नाहीतर ०, फंक्शन मॉड. सीमध्ये तोच, पण बाकी १५. ६०,००० रो ओढा. शीट थोडी जड होईल, चालतं.

उत्तर ०.८६४. जोडीची दिशा उलटी केली, म्हणजे सीला ५ आणि बीला १५, तर ०.११८. जोड्या इतक्या लांब लांब असतात की एकीचा ठसा दुसरीपर्यंत पोचत नाही, म्हणून वहीतल्या ०.००६१ आणि त्याच्या घटीच्या जुळ्याला साठने गुणून ०.५मध्ये मिळवलं किंवा त्यातून वजा केलं तरी जवळजवळ हेच आकडे मिळतात. इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं चाललं आहे.

आता दिशा सरळ करून एच५मध्ये ५० लिहा. सेकंदाला वीस जोड्या झाल्या, साठ जोड्यांना ३००० रो पुरतात. वजन ०.८०. म्हणजे वाढ थोडी कमी झाली. एच५मध्ये २० लिहा, सेकंदाला पन्नास जोड्या, १२०० रो. वजन ०.४८! जोडीत क्रम तोच, अंतर तेच १० मिलिसेकंद, तरी सायनॅप्स वाढायच्या ऐवजी किंचित घटला. कारण शीटमध्येच दिसेल. पलीकडचा स्पाईक पुढच्या अलीकडच्या स्पाईकच्या बरोबर १० मिलिसेकंद आधी येतोय, त्यामुळे प्रत्येक सरळ जोडीच्या मागोमाग एक उलटी जोडीही मोजली जाते, आणि उलटीचं वजन ५ टक्के जास्त आहे.

प्रयोगशाळेत काय होतं? श्योस्त्रम, टुरिजियानो आणि नेल्सन यांनी २००१मध्ये उंदराच्या दृष्टी-कॉर्टेक्सवर हे मोजलं, आणि निकाल जवळजवळ उलटा आला. जोड्या अगदी संथ दिल्या तर सरळ क्रमातही वाढ होईना. सेकंदाला पन्नासच्या वेगाने दिल्या तर क्रम उलटा असूनही वाढच झाली. म्हणजे आपली शीट हिशेबाला अचूक असूनही मेंदूशी जुळत नाही. मला हा भाग सगळ्यात आवडतो, कारण मॉडेल नेमकं कुठे तुटतं ते इथे एका सेलमध्ये दिसतं.

दुरुस्ती २००६ची, फिस्टर आणि गेर्स्टनर यांची. त्यांनी जोडीऐवजी तीन स्पाईकचा विचार केला. शीटमध्ये आणखी एक कॉलम घाला : पलीकडच्या पेशीचा दुसरा, सावकाश विरणारा ठसा, शंभरएक मिलिसेकंदांचा. वाढ मोजताना एच१ला या नव्या ठशाने गुणा. घट पूर्वीसारखीच ठेवा. पलीकडची पेशी नुकतीच पेटून गेली असेल तरच वाढ भरघोस, नाहीतर नाममात्र. एच१चा आकडा मात्र आता नव्याने बसवावा लागेल. एच५मध्ये १०००, ५० आणि २० घालून तिन्ही वेगांवर वजन कुठे जातं ते बघत हाताने बदला. इथे ठरलेलं एकच उत्तर नाही. श्योस्त्रम यांच्या निकालाची दिशा पकडली गेली की थांबा.

स्पाईक यादृच्छिक करा

खऱ्या मेंदूत कोणी घड्याळ लावून जोड्या देत नाही. नव्या शीटवर, साध्या जोडीच्या नियमावर परत या. बी आणि सी दोन्हींत रँड फंक्शन टाका : आकडा ०.०१५पेक्षा कमी आला तर १, नाहीतर ०. सेकंदाला सरासरी पंधरा स्पाईक, दोन्ही पेशी एकमेकींपासून स्वतंत्र. १,००,००० रो म्हणजे शंभर सेकंद.

एक काम लगेच करा. दोन्ही कॉलम कॉपी करून पेस्ट स्पेशलमधून फक्त व्हॅल्यूज पेस्ट करा. नाहीतर कुठल्याही सेलला हात लावला की सगळे स्पाईक नव्याने पडतील आणि मघाशी पाहिलेला निकाल पुन्हा कधीच दिसणार नाही.

आधी वहीत अंदाज बांधा. दोन्ही दरांचा गुणाकार २२५. वाढीच्या वक्राखालचं क्षेत्रफळ ०.०१ गुणिले ०.०२ सेकंद, घटीचं ०.०१०५ गुणिले ०.०२. फरक उणे ०.००००१. म्हणजे सेकंदाला ०.००२२५ची घसरण, शंभर सेकंदांत ०.२२५. आता शीट बघा. कदाचित वजन ०.२७च्या आसपास आलं असेल, कदाचित ०.४५, आणि एखादवेळी चक्क वाढलेलंही असेल. शीट चुकलेली नाही. शंभर सेकंदांत योगायोगाने होणारी हेलकाव्याची व्याप्तीही साधारण ०.२ आहे, म्हणजे घसरणीइतकीच. एका रनवरून निष्कर्ष काढू नका. नवे स्पाईक पाडा, शेवटचं वजन वहीत लिहा, पुन्हा पाडा, आणि सरासरी घ्या.

एच२ ०.०१ केलं की सरासरी घसरण शून्य. ०.००९५ केलं की वजन वर सरकायला लागतं. अख्ख्या मॉडेलची दिशा त्या ५ टक्क्यांवर तोलली आहे.

हजार सायनॅप्स

एक्सेलचं काम इथे संपलं. आता पायथन. ब्रायन २ पिपने इन्स्टॉल करा. त्याच्या सोबत येणाऱ्या उदाहरणांमध्ये सॉन्ग, मिलर आणि अॅबट यांच्या २००० सालच्या कामावर बेतलेलं एक आहे, त्याचेच आकडे घेऊ. एक पेशी, तिला हजार इनपुट, प्रत्येक सेकंदाला १५ स्पाईकने यादृच्छिक. पेशीचा विश्रांतीचा दाब उणे ७४ मिलिव्होल्ट, पेटायची पातळी उणे ५४, पेटल्यावर परत उणे ६०. पेशीची खिडकी १० मिलिसेकंद, एका स्पाईकचा परिणाम ५ मिलिसेकंदांत विरणारा. वजनाची कमाल मर्यादा ०.०१, सुरुवातीला सगळी वजनं ० ते ०.०१मध्ये कशीही पसरलेली. वाढ आणि घट या मर्यादेच्या पटीत, आपल्याच एच१ आणि एच२ने.

रन दाबण्याआधी पुन्हा वही. सरासरी वजन ०.००५. हजार गुणिले १५ गुणिले ०.००५ गुणिले ०.००५ सेकंद : ०.३७५. उत्तेजक इनपुट पेशीला शून्य मिलिव्होल्टकडे ओढतो, तेव्हा पेशीचा सरासरी दाब उणे ७४ भागिले १.३७५, म्हणजे उणे ५३.८. पातळी उणे ५४. पेशी उंबरठ्यावरच बसली आहे, पेटेल. तुमच्या रनमध्ये ती गप्प राहिली तर एककं तपासा. बहुतेक मिलिसेकंद आणि सेकंदात गोंधळ असतो.

आधी दहा सेकंदांची रन, मग शंभरची. शेवटी हजारही वजनांचा हिस्टोग्राम काढा. सुरुवातीचा सपाट पसारा मोडून दोन ढीग झालेले दिसतील, एक शून्यापाशी आणि एक कमाल मर्यादेपाशी, मध्ये तुरळक. प्रत्येक इनपुट यादृच्छिकच होता, कोणावर मेहेरनजर नव्हती. तरीही काही जिंकले, काही बाद झाले. पेशी मात्र बेफाम झाली नाही : घटीचं पारडं जड असल्यामुळे एकूण ताकद तिथपर्यंतच खाली येते जिथे पेशी जेमतेम, अनियमित पेटत राहते.

आता घट मुद्दाम बिघडवा. घट-वाढीचं गुणोत्तर १.०५च्या जागी ०.९५ करा. बहुतेक वजनं वर जाऊन चिकटतील. वहीत याचंही उत्तर काढता येतं : सगळी वजनं ०.०१ झाली तर ०.३७५चं ०.७५ होतं, दाब उणे ४२.३कडे धावतो, आणि उणे ६०पासून उणे ५४ गाठायला सुमारे २.४ मिलिसेकंद लागतात. सेकंदाला चारशेच्या वर स्पाईक. कॉर्टेक्समधली साधी पेशी असं सतत करत नाही.

दुसरा बदल : ०.९५ काढून टाका आणि घट सायनॅप्सच्या सध्याच्या वजनाच्या प्रमाणात करा. जो जाडा त्याची जास्त घट, जो बारीक त्याची कमी. घटीचा आकडा इथे ०.०२ ठेवा, म्हणजे वाढ-घटीचा तोल मर्यादेच्या निम्म्यापाशी पडेल, ०.०१०५ ठेवलात तर सगळे वरच्या टोकाला गोळा होतील. दोन ढीग जाऊन एकच उंचवटा येईल. व्हॅन रॉसम, बी आणि टुरिजियानो यांनी २०००मध्ये हाच मार्ग धरला. यातली मेख अशी, की उंचवटा एकच असला की सायनॅप्स शिकलेलं लवकर विसरतात. दोन ढिगांमध्ये आठवण टिकते, पण खऱ्या कॉर्टेक्समध्ये वजनं अशी दोन टोकांना सहसा सापडत नाहीत, तिथे बरेच बारीक आणि थोडे खूप जाड अशी लांब शेपटी असते. माझं मत विचाराल तर शिकताना दोन ढिगांचं मॉडेल घ्यावं आणि कॉर्टेक्सवर दावा करायचा असेल तेव्हा प्रमाणातली घट घ्यावी.

तिसरा बदल हवा तर : हजारातले पाचशे इनपुट एकमेकांशी थोडे जुळवून पेटवा. काय होईल ते आता सांगत नाही, हिस्टोग्राम त्या पाचशेंचा वेगळा काढा.

याच्या खाली

स्पाईकच्या वेळा हा वरवरचा हिशेब. खाली चालतं ते कॅल्शियमवर. पलीकडच्या पेशीवरच्या एनएमडीए रिसेप्टरच्या तोंडाशी मॅग्नेशियमचा अडसर असतो. अलीकडून निरोप आणि पलीकडून दाब, दोन्ही एकाच वेळी आले तरच अडसर हटतो आणि कॅल्शियम आत येतं. भरपूर आलं तर वाढ, मध्यम आलं तर घट. १९९२मध्ये ड्यूडेक आणि बेअर यांनी संथ गतीने नऊशे पल्स देऊन सायनॅप्स कमजोर केला होता, तो याच मधल्या पट्ट्यात. ग्राउपनर आणि ब्रुनेल यांचं २०१२चं मॉडेल कॅल्शियमच्या अशा दोन पातळ्यांवरच उभं आहे, आणि ते तुमच्या एक्सेलमध्ये दोन नव्या कॉलममध्ये बसतं.

आणखी खोलात जायचं तर पुण्याच्या आयसरमधल्या सुहिता नाडकर्णी यांचं काम वाचा. सेजनोवस्की आणि सहकाऱ्यांसोबत त्यांनी हिप्पोकॅम्पसच्या एकेका सायनॅप्सचं इतकं बारीक मॉडेल केलं की त्यात कॅल्शियमचे कण एकेक मोजले जातात आणि निरोपाचं रसायन साठवणारी पिशवी फुटते की नाही ते त्यावर ठरतं. २०१० आणि २०१२चे त्यांचे निबंध याच विषयावर आहेत. बंगळुरूच्या एनसीबीएसमधल्या उपिंदर भल्ला यांनी १९९९मध्ये अय्यंगार यांच्यासोबत सायनॅप्समधल्या रसायनांच्या साखळ्या कॉम्प्युटरवर चालवून दाखवल्या. तो स्तर लॅपटॉपला जड जातो, वारंग्याच्या लॅबमधला सर्व्हर मिळाला तर बघा.

तोवर हजार सायनॅप्सच्या प्रत्येक रनची फाइल वेगळी ठेवा. नावात घट-वाढीचं गुणोत्तर, घट सरळ की प्रमाणात, रनचा काळ आणि यादृच्छिक आकड्यांचा सीड लिहा, आणि एकाच सेटिंगवर निदान दहा वेगवेगळे सीड चालवून मगच हिस्टोग्रामवर बोला.